तो बेंजो की ती बेंजो?

शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन वस्तू कुणीही न आणता साठत जातात. एक खडूचे तुकडे आणि दुसरे किस्से. खडू निदान मे महिन्याच्या सुट्टीत कुणीतरी झाडून काढतं. किस्से तसेच राहतात आणि दर मधल्या सुट्टीत चहाबरोबर थोडे वाढतात. मी भिवंडीच्या एका हायस्कुलात आयुष्यभर मराठी शिकवलं. मुलांना किती आलं ते पेपर तपासणाऱ्यांना माहीत. माझ्याकडे मात्र किस्स्यांची कोठी भरली.

त्यातले हे फिलिपिन्सचे. दचकू नका. ऐंशीच्या दशकात फिलिपिन्समधल्या गावजत्रेची सगळ्यात खात्रीशीर माहिती अख्ख्या ठाणे जिल्ह्यात आमच्या स्टाफरूममध्ये मिळायची. तिथं गेलेल्या पाहुण्यानं कुठं जेवावं, कशावर चढावं, कुठं नाचावं आणि कुठं मुळीच नाचू नये, सगळं आम्हांला पाठ होतं. आमच्यातला एकही माणूस पुण्याच्या पुढं गेलेला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

माहिती यायची ती हिराजी तरेकडून. हिराजी आमच्या प्रयोगशाळेत परिचर, वळ गावचा. त्याचा धाकटा भाऊ जनार्दन बोटीवर फिटर होता. गावात टपाल रखडतं म्हणून जनार्दन शाळेच्या पत्त्यावर पत्रं पाठवी आणि हिराजी ती आम्हांला मोठ्यानं वाचून दाखवी. "घरच्या पत्रात लपवायचं काय, सर?" असं त्याचं म्हणणं. ऐकणारे आम्ही तिघं. मी, भूगोलाच्या ओकबाई आणि चित्रकलेचे अन्सारी सर.

तेच पत्र संध्याकाळी हिराजी घरी आईला वाचून दाखवी. तिला सगळं गाव 'आय' म्हणे, मग आम्हीही तेच म्हणू लागलो. आयचा नवरा लवकर गेलेला. एक मुलगा जवळ, एक पाण्यावर. पाण्यावरच्या मुलाला तिकडची एखादी पोरगी धरून ठेवील आणि तो परत म्हणून यायचा नाही, या भीतीनं म्हातारी निम्मी झाली होती. पत्र आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "बाईमानसाचं नाव हाय कं त्यात?" हिराजीनं नाही म्हटलं, की मग ती पुढचं ऐकायला बसायची.

*

एका मे महिन्यात जनार्दनची बोट दुरुस्तीसाठी मनिलाला लागली. बोटीवरचा त्याचा दोस्त, बेंजामिन नावाचा, त्याला आपल्या गावच्या जत्रेला घेऊन गेला. जत्रेला तिकडं फिएस्टा म्हणतात. गावाचा एक संत असतो. त्याची मूर्ती खांद्यावरून मिरवतात, रस्ताभर पताका लावतात, पुढं बँड वाजतो. देवळाच्या जागी चर्च, बाकी सगळं आपल्यासारखंच. जनार्दननं लिहिलं होतं, 'दादा, इथं जत्रेच्या दिवशी कुणाच्याही घरात शिरावं आणि जेवावं. ओळख लागत नाही. नको म्हटलं तर मात्र लोकांना वाईट वाटतं.'

अन्सारी सरांनी कप खाली ठेवला. "बिना दावत के? सीधा अंदर?"

"सीधा अंदर," हिराजी म्हणाला. जणू तो स्वतःच जेवून आला होता.

जनार्दन त्या दिवशी चार घरी जेवला. पाचव्या घरी टेबल लांबलचक होतं आणि वाढणारे सगळे पुरुष एकाच रंगाच्या शर्टातले. जनार्दन पडला यंत्रमागांच्या भिवंडीकडचा. त्याला वाटलं, मोठं कुटुंब दिसतंय, एकाच ताग्यातलं कापड फाडलेलं आहे. पोटभर जेवला, वाढणाऱ्यांच्या पाठीवर थाप मारली. बाहेर आल्यावर बेंजामिननं त्याला दारावरची पाटी वाचून दाखवली. ते पोलीस ठाणं होतं.

संध्याकाळी आयला पत्र वाचून दाखवताना 'मी पोलीस ठाण्यात जेवलो' या वाक्याशी नेमका हिराजीचा चष्मा पडला. तो चष्मा शोधून पुढचं वाक्य वाचेपर्यंत आय शेजारच्या तीन घरांत रडून आली होती.

*

दुसऱ्या पत्रात घरांचं वर्णन होतं. तिकडं काही गावांत त्या दिवशी घरं सजवतात. भाताच्या लोंब्या, दुधी, वांगी, केळ्यांचे घड आणि तांदळाचे पापड. पापड म्हणजे पानाच्या आकाराचे, पातळ, लाल-हिरवे-पिवळे, खिडकीपासून अंगणापर्यंत झुंबरं करून टांगलेले. मिरवणूक पुढं गेली की पाहुण्यांनी हे सगळं तोडून न्यायचं. घरवाले बघत उभे राहतात आणि हसतात.

हे ऐकून आयला दोन प्रश्न पडले. पहिला, "तकडं कावले न्हायत कं?" दुसरा प्रश्न नव्हताच, ताकीद होती. "माज्या वाळवनाला कुनी असा हात लावला तर हात मोडून ठेवीन."

ओकबाई मात्र हरखल्या. त्यांना भूगोल मनापासून आवडायचा आणि वर्गात तो कुणालाच आवडायचा नाही, याचं त्यांना दुःख होतं. त्यांनी नववीला पूर्ण तासभर हे पापड सांगितले. पहिल्यांदाच मुलं तास संपल्यावरही बसून राहिली. ओकबाई स्टाफरूममध्ये आल्या तेव्हा त्यांचे डोळे पाणावलेले होते.

चाचणी परीक्षेत त्यांनी मुद्दाम प्रश्न घातला, 'फिलिपिन्समधील प्रमुख पीक कोणते?' अकरा मुलांनी लिहिलं, 'पापड.'

बाईंनी अर्धा अर्धा मार्क दिला. "तांदळाचेच असतात ना," म्हणाल्या.

*

तिसरं पत्र बांबूचं. तिकडं जत्रेत एक उंच बांबू पुरतात, त्याला वरपासून खालपर्यंत चरबी चोपडतात आणि टोकाला बक्षीस बांधतात. जो चढेल त्याचं. आता वळची दहीहंडी लागोपाठ तीन वर्षं फोडलेल्या माणसापुढं असला बांबू आला तर तो स्वस्थ बसेल का? जनार्दन चढला आणि घसरला. सहा वेळा घसरला. सातव्या वेळी थेट वर पोचला.

"सहा वेळा घसरून त्याची सगळी चरबी यानंच पुसून काढली असणार," ओकबाई म्हणाल्या.

"बाई, पन पोचला," हिराजी दुखावून म्हणाला.

बक्षीस कापडात गुंडाळलेलं होतं. उघडून बघतो तर बायकांची छत्री, गुलाबी, कडेनं लेस लावलेली. पत्र तिथंच संपलं होतं. छत्रीचं पुढं काय झालं, यावर जनार्दननं एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आय स्वतः शाळेत आली. एस.टी.नं, डोक्यावर पदर घेऊन. मुख्याध्यापकांना वाटलं, कुठल्या मुलाची तक्रार आहे. ती तडक स्टाफरूममध्ये येऊन माझ्यासमोर बसली. "मास्तर, तुमी मराठीचे. नीट कागद लिवा. छत्री कुठं हाय, इचारा."

मी लिहिलं, 'छत्रीचे पुढे काय झाले ते सविस्तर कळवावे. मातोश्री काळजीत आहेत.' तिनं खाली अंगठा उठवला आणि पाकीट स्वतः चिकटवलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. त्यात बोटीचं इंजिन होतं, हवामान होतं, जेवणातला भात कसा चिकट असतो ते होतं. शेवटी एक ओळ होती. 'छत्री बरी आहे. काळजी नसावी.'

ही ओळ हिराजीनं घरी वाचली नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही वाचली नसती.

*

पुढचा घोटाळा ओकबाईंचा. जनार्दननं कुठंतरी लिहून ठेवलं होतं, 'मिरवणुकीत दोन तास नाचलो, लोक थांबूच देईनात.' बाईंनी वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि मधल्या सुट्टीत आम्हांला वाचून दाखवलं, की तिकडं काही गावांत मिरवणुकीत नाचणं हा नवस असतो. कुणी मूल व्हावं म्हणून नाचतं, आणि लग्न न झालेले लग्न जमावं म्हणून नाचतात.

हिराजीचा चेहरा उतरला. "दोन तास नाचला, बाई."

त्यानं घरी सांगायला नको होतं. पण हिराजीच्या पोटात काही राहत नसे. त्या शनिवारी आय, हिराजी आणि सोबत म्हणून मी, असे वज्रेश्वरीला निघालो. एस.टी.त अंबाडीच्या पुढं आल्यावर आय म्हणाली, "मास्तर, पोर तकडं ऱ्हायला तर त्याच्या पोरांना माजी बोली कलंल कं?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

देवळात पुजाऱ्यानं ओटी हातात घेतली आणि विचारलं, "काय मागणं आहे, आजी?"

"पोराचं लगीन होऊ नये."

पुजारी थांबला. "आजी, इथं सगळे व्हावं म्हणून मागतात."

"तकडं होऊ नये. हकडं होऊ दे," आयनं खुलासा केला.

पुजाऱ्यानं थोडा विचार केला आणि दोन नारळ ठेवून घेतले. देवीचा गोंधळ नको म्हणाला.

*

मग आली ती तार.

पुढच्या चैत्रातली गोष्ट. वळच्या जत्रेला चार दिवस राहिले होते आणि त्या वर्षी पालखीचा मान तऱ्यांच्या घराला होता. शाळेत तार आली. तार म्हटल्यावर हिराजी खुर्चीतच बसला, मग ओकबाईंनी वाचली. जनार्दनची बोट मुंबईला लागत होती. पुढं इंग्रजीत चारच शब्द होते, 'रीचिंग जत्रा विथ बेंजो.'

"बेंजो आणतोय!" हिराजी उभा राहिला.

आता आमच्या भागात बेंजो म्हणजे काय ते सांगायला नको. हळद असो, वरात असो, पालखी असो, बेंजो पार्टीशिवाय पाऊल उचलत नाही. जत्रेसाठी वडपे गावची पार्टी ठरलेली होती. हिराजीनं गावात तार दाखवली आणि सरपंचांनी तिथल्या तिथं निर्णय घेतला. घरचा पोर परदेशातून बेंजो आणतोय, तर वडप्याची पार्टी कशाला? नको म्हणून निरोप गेला. वडप्याच्या लोकांनी फार वाईट वाटून घेतलं नाही. त्याच दिवशी त्यांना एक लग्न मिळालं.

सगळ्या गावात शंका आली ती एकट्या आयला. ती पुन्हा एस.टी.नं शाळेत आली आणि पुन्हा माझ्यासमोर बसली. "मास्तर, तुमी याकरनवाले. हा सबूद बाईचा कं बाप्याचा? तो बेंजो की ती बेंजो?"

मी व्याकरण सांगितलं. वाद्य असेल तर तो बेंजो. माणसाचं नाव असेल तर व्याकरण काही करू शकत नाही. ओकबाईंनी भर घातली, की त्या देशावर स्पॅनिश लोकांचं राज्य होतं आणि स्पॅनिश नावांची खात्री देता येत नाही. अन्सारी सर तेवढे धीर देत म्हणाले, "आय, फिकर मत करो. बाजाही होगा."

"बाजा असंल तं बरा," आय म्हणाली.

*

जत्रेला आम्ही तिघंही वळला गेलो. वेशीवर सगळं गाव जमलेलं. दुपारी जीप आली. जनार्दन उतरला आणि त्याच्यामागून एक बुटका, हसरा माणूस उतरला. फुलाफुलांचा शर्ट, हातात एक पत्र्याची बॅग. जीप रिकामी झाली.

सरपंचांनी जीपमध्ये डोकं घालून बघितलं. "बाकीची पार्टी कुठं हाय?"

"कंची पार्टी?" जनार्दननं विचारलं.

"आरं, बेंजो कुठं हाय?"

आपलं नाव ऐकून त्या माणसानं हात वर केला. बेंजामिनला घरी बेंजो म्हणतात, हे जनार्दनला कधी लिहावंसं वाटलं नव्हतं, आणि तारेत तर तो एकेक शब्द वाचवत होता. सरपंच त्या बॅगेकडे बघून म्हणाले, "यात मावतो तेवढा बेंजो वाजवनार कं हा?"

पण आय हसत होती. बाप्या होता! बाप्याच होता! मी तिला त्यापूर्वी कधी हसताना बघितलं नव्हतं. ती पुढं झाली, तेवढ्यात बेंजोनं वाकून तिचा हात धरला आणि स्वतःच्या कपाळाला लावला.

आयनं हात तिथंच ठेवला. मग उलटा करून बघितला. "जनार्दना, याला ताप हाय कं रं?"

चैत्राचं ऊन आणि उघड्या जीपचा प्रवास, कपाळ गरम असणारच. पण जनार्दनला सरपंचांनी धरून ठेवलं होतं, त्याला खुलासा करायला वेळच मिळेना. इकडं वाजंत्री नाही आणि पालखी दारात. शेवटी आयच पुढं झाली. ती गावची धवलारीण, म्हणजे लग्नात धवले म्हणणारी बाई. दुसरं काही नव्हतं म्हणून तिनं धवला धरला, मागून बायकांनी सूर धरला, आणि देव लग्नाच्या गाण्यांवर निघाला. देवानं तक्रार केली नाही. बेंजो टाळ्या वाजवत होता, सगळ्या चुकीच्या जागी.

पालखी घरोघर थांबायची. बेंजो आपल्या गावच्या रीतीनं प्रत्येक घरात शिरायचा आणि तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा हात घेऊन कपाळाला लावायचा. तिसऱ्या घरापर्यंत गावभर झालं, की पाव्हण्याला ताप आहे आणि बिचारा दारोदार सांगत फिरतोय. मग काय, कुठं गवती चहा, कुठं आलं-मिरी, कुठं अडुळसा, एका घरी तर कडूनिंबाचा रस. जत्रेत पाहुण्यानं नको म्हणायचं नसतं, ही त्याची रीत. त्यानं सात घरांत सात काढे घेतले आणि प्रत्येक वेळी वाटी रिकामी करून हसून दाखवली. निंबाच्या रसानंतरचं हसू मात्र जरा वाकडं होतं.

*

उन्हं उतरल्यावर तऱ्यांच्या अंगणात पंगत बसली. आम्ही तिघं, सरपंच, हिराजी, जनार्दन आणि बेंजो. ओकबाईंसाठी वालाचं बिरडं वेगळं होतं, बाकीच्यांना तांदळाची भाकरी आणि सुकट. बेंजोनं चमचा मागितला नाही. हातानं भाकरी मोडली, सुकट तोंडात घातली आणि डोळे मिटून घेतले. असाच सुकवलेला मासा त्याच्या घरी करतात, असं जनार्दन म्हणाला.

मग त्यानं कपाळाचा खुलासाही केला. "आय, तकडं मोठ्या मानसांचा आशीर्वाद असा घेतात. ताप न्हाय त्याला."

आय भाकरीची परडी घेऊन उभी होती. "मंग सात घरचा काढा कशाला प्याला?"

"लोकांना वाईट वाटंल म्हनून."

परडी खाली ठेवून आय बेंजोच्या समोर बसली. त्याच्याकडे बघत राहिली, जसं आपण बाजारात मासा बघतो, डोळे, कल्ले, सगळं नीट. "याच्या आयशीनं याला बरा वाढवलाय," ती म्हणाली. आणि मग, आवाज अजिबात न बदलता, "जनार्दना, याला बहीन हाय कं? इचार."

हिराजीचा ताकाचा पेला वाटेतच थांबला. मला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. पण ती चेष्टा करणारी नव्हती. जनार्दनचे कान लाल झाले होते. त्यानं ताटाकडे बघत इंग्रजीत प्रश्न विचारला.

बेंजोनं हातातली भाकरी खाली ठेवली. हात पुसला, शर्टाची वरची गुंडी लावली आणि ताठ बसला. मग आयकडे बघून हळू आणि स्पष्ट इंग्रजीत म्हणाला, "हो, आई. तिच्यासाठीच तर आलोय. घर बघायला."

"काय म्हनला?" आयनं विचारलं.

"सुकट झकास झालीय, म्हनतो," जनार्दन म्हणाला.

आय माझ्याकडे वळली. मी मराठीचा मास्तर, मी मिठाकडे बघू लागलो. तिनं ओकबाईंकडे बघितलं. बाई बिरड्यातला एक एक वाल वेगळा करत होत्या. अन्सारी सरांनी आकाशाकडे बघून घेतलं. अंगणात कुणी चावतसुद्धा नव्हतं.

आयनं परडी उचलली. बेंजोच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, ती नीट चौघडी करून ठेवली आणि उठता उठता म्हणाली,

"मंग त्याला सांग, मागल्या अंगाला आनकी दोन खोल्या हायत."